आधी सॉकेट विचारा, मग पैसे मोजा

मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी किंवा घरच्या मुलांसाठी संगणक घ्यायचा ठरला, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "अगदी लेटेस्ट घ्या." दुसरा म्हणतो, "जुना घ्या, स्वस्तात पडेल." सॉकेटबद्दल दोघेही बोलत नाहीत. मदरबोर्डवर प्रोसेसर जिथे बसतो ती जागा म्हणजे सॉकेट. पुढे कोणता प्रोसेसर बसेल आणि कोणती रॅम चालेल, हे बरेचसे तिथेच ठरते.

एएमडीचे उदाहरण घ्या. एएम४ सॉकेट २०१६ साली आले. त्यावर रायझनच्या अनेक पिढ्या चालल्या. घरात एएम४चा जुना संगणक असेल, तर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता येतो का, ते बोर्डाच्या कंपनीच्या यादीत पाहा. बोर्ड आणि डीडीआर४ रॅम तीच राहते, खर्च वाचतो. एएम५ २०२२ साली आले. त्याला डीडीआर५ रॅमच लागते, म्हणून सुरुवातीचा खर्च जास्त. पण पुढे प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते.

इंटेलची रीत वेगळी. १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालली. २०२४ साली १८५१ आले. सॉकेटचे नाव सारखे असले म्हणून भागत नाही. ११५१ नावाच्या सॉकेटवर सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी आली, पण सहाव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १०चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात. त्याहून जुने यंत्र अगदीच फुकट मिळाले, तर त्यावर लिनक्स टाका आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. टायपिंग, परीक्षांचे ऑनलाइन अर्ज आणि व्हिडिओ व्याख्याने यांना ते पुरेसे आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. अर्ज भरण्यासाठी आणि अभ्यासासाठी महागडा नवा प्रोसेसर घेणे हा इसराफ आहे. पण व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी डिझाइन शिकून पोट भरू पाहणाऱ्या मुलीच्या हाती केवळ स्वस्त म्हणून थकलेले यंत्र देणे ही काटकसर नव्हे. तिच्यासाठी नवे सॉकेटच घ्यावे. आज साधा प्रोसेसर घेता येईल, कमाई सुरू झाली की तो बदलता येईल.

अभ्यासिकेचा पैसा लोकांनी सदका म्हणून दिलेला असतो. तो अमानत आहे. म्हणून खरेदीआधी समितीने एका कागदावर लिहावे : काम कोणते, सॉकेट कोणते, रॅम कोणती, वॉरंटी किती, यंत्र किती वर्षे वापरायचे. तो कागद अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावा. आणि समितीत त्या संगणकावर बसणारी दोन तरुण मुले-मुली असावीतच.