निवृत्त संगणकाचा पुनर्जन्म

सोलापुरी चादर विटली म्हणून सोलापूरकर ती टाकून देत नाही, अंथरायला घेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हा काटकसरीचा संस्कार आपण विसरलो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला आणि कचेऱ्यांतील धडधाकट यंत्रेही भंगाराच्या वाटेला लागली. असे यंत्र स्वस्तात आणून त्यावर खेळ चालविण्याची तरुणांची खटपट म्हणजे उनाडपणा नव्हे. ते यंत्रविद्येचे पहिले पाठ आहेत.

मात्र उत्साहाला विवेकाची जोड हवी. प्रोसेसरला नेमून दिलेल्या गतीपलीकडे पळविले की उष्णता वाढते. आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. शिवाय कचेरीतील बहुतेक प्रोसेसरांची गती कुलूपबंदच असते. त्यापेक्षा एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी आणि स्लॉटमधूनच ७५ वॉटपर्यंत वीज घेणारे ग्राफिक्स कार्ड निवडावे.

प्रश्न उरतो तो खेळांचा. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे ठेवला. यंत्र उघडून पाहणारा आजचा खेळाडू उद्या असा निर्माता झाला, तरच ही खटपट खऱ्या अर्थाने स्वदेशी ठरेल.