बंद खाणींचा जमाखर्च

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे एक घर पाहता पाहता जमिनीच्या पोटात गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे जीवितहानी टळली. तथापि आसपासच्या कुटुंबांना घरे सोडून अन्यत्र आसरा घ्यावा लागला. या परिसरात पूर्वी कोळशाच्या भूमिगत खाणी चालत. कोळसा केव्हाच विकला गेला. पोकळी तेवढी मागे उरली.

याचे आर्थिक कारण साधे आहे. मजुरी, यंत्रे आणि स्वामित्वधन यांचा खर्च कोळशाच्या किमतीत धरला जातो. पोकळी वाळूने भरण्याच्या किंवा मातीचे ढिगारे सावरण्याच्या खर्चातून मात्र कवडीचेही उत्पन्न निघत नाही. साहजिकच तो पुढे ढकलला जातो. अशा जुन्या खोदकामाची उपेक्षा प्राणावर कशी बेतते, हे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत दिसले. सोडून दिलेल्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. कामगारांची सुरक्षितता आणि भूमीचे रक्षण हे वेगवेगळे प्रश्न नाहीत, हाच त्याचा अर्थ.

विदर्भातील बहुतेक कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी आहे. अशास्त्रीय खोदकाम आणि कामगारांची हेळसांड ही १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाची प्रमुख कारणे होती. तेव्हा खाजगी मालकाची सबब तिला शोभत नाही. ठेकेदार नेमल्याने मालकाची सुटका होत नाही, हे तत्त्व १९५२ च्या खाण कायद्यानेच घालून दिले होते. खाण बंद करण्याच्या खर्चासाठी दरवर्षी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवण्याचा दंडकही २००९ पासून आहे. त्या खात्याचा हिशेब आणि जुन्या खोदकामाचे नकाशे दरवर्षी ग्रामसभेपुढे मराठीत ठेवावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. शाळेला खोल्या बांधून देणे हे दातृत्व झाले. पोकळी भरणे हे देणे आहे, आणि दातृत्वाने देणे फिटत नाही.

वरवे बुद्रुकच्या वाचकाला चंद्रपूर दूरचे वाटेल. परंतु चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज राज्याच्या जाळ्यातूनच सर्वांकडे येते. शिवाय भोर तालुक्याला हा व्यवहार अपरिचित नाही. भाटघर धरणाखाली जमिनी येथील गेल्या आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या शेतांना गेले. लाभ एकाचा आणि झीज दुसऱ्याची, ही रीत ज्यांनी सोसली त्यांनी तरी घुग्घुसच्या रहिवाशांची बाजू घ्यावी. खाणीचा पुरता खर्च कोळशाच्या किमतीत धरल्यास विजेचा दर थोडा वाढेल. तो द्यावयाची आपली तयारी हवी. नाहीतर कंपनीला दोष देण्याचा आपला अधिकार अर्धाच राहील.