आजींच्या ताटातली महागाई

त्रिनिदादमध्ये वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. हा शब्द भोजपुरी मजुरांबरोबर तिथे गेला आणि पुढे घराघरांतली बोली इंग्रजी झाली तरी पुसला गेला नाही. २०२२ च्या पावसाळ्यात मी चार महिने कुव्हा या गावी मुलीकडे राहिले होते. जावई जवळच्या पॉइंट लिसास औद्योगिक वसाहतीत अभियंता आहेत. शेजारच्या घरातील ७८ वर्षांच्या वृद्धेला सारी गल्ली आजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले; वास्तविक त्या माझ्याहून बारा वर्षांनीच मोठ्या.

महिनाअखेरचा शुक्रवार होता. त्या संध्याकाळी तळलेल्या कोंबडीच्या दुकानांपुढे रांगा लागतात. पगार झालेला असतो, घरातील बाई दिवसभराच्या नोकरीने थकलेली असते आणि मुलांनी आठवडाभर आधीपासून हट्ट धरलेला असतो. शेजारच्या सूनबाईंनीही खोका आणला. एरवी त्या मोठा खोका आणीत. भाव वाढल्यामुळे त्या दिवशी लहान आणला. आजी म्हणाल्या, “मला भूक नाही.” नेहमीच्या वेळी त्यांनी मधुमेहाची गोळी मात्र घेतली. रात्री नऊच्या सुमारास सूनबाई धावत आमच्याकडे आल्या. घरापुढच्या ओसरीला तिथेही ‘गॅलरी’च म्हणतात, त्या गॅलरीत आजी घामाने चिंब होऊन बसल्या होत्या आणि नातवाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारीत होत्या. घरात यंत्र होते. रक्तातील साखर ५२ भरली.

आजींना गिळता येत होते. पाण्यात चार चहाचे चमचे साखर विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी आकडा ९६ वर आला. मग भात आणि डाळ भरवली. दवाखान्यातील तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “यांनी शेवटचे पोटभर कधी खाल्ले?” घरातील पाच माणसांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

हळूहळू उलगडा झाला. पिठाचे आणि तेलाचे भाव चढल्यापासून, म्हणजे कित्येक आठवडे, आजींनी स्वतःच्या ताटाला कात्री लावली होती. सकाळी गोड चहा आणि खारी बिस्किटे, दुपारी भातावर पातळ वरण, रात्री पुन्हा चहा. कोंबडीचा तुकडा नातवाच्या ताटात सरकवायचा आणि अंडे ‘आवडत नाही’ म्हणायचे. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरांना शाळा आहे. मला आता कुठे ऊस तोडायला जायचे आहे?” तरुणपणी त्या उसाच्या मळ्यात राबल्या होत्या. त्या परिसराला पोसणारी सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि मळे ओस पडले. आजींचा आजार तेवढा उरला. त्याला तिथले लोक नुसते ‘शुगर’ म्हणतात, अगदी आपल्यासारखेच.

माझा व्यवसाय आहारतज्ज्ञाचा. रुग्णालयात तीस वर्षे मी माणसांना कमी खा असे सांगत आले. या प्रसंगाने मला उलट दिशेला पाहायला लावले. महागाई प्रथम वृद्धांच्या ताटात शिरते आणि ती शिरल्याचे कोणाला कळत नाही, कारण ताट रिकामे दिसत नाही. भात असतो, बिस्किटे असतात. प्रथिने आणि भाजी तेवढी नाहीशी होते. साठीनंतर शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे किमान एक ग्रॅम प्रथिने रोज पोटात जावीत, असा साधारण संकेत आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. आजींचे वजन ५५ किलो. माझ्या हिशेबाने त्यांच्या पोटात जेमतेम २० ग्रॅम जात होती.

त्या देशात मधुमेह, रक्तदाब अशा दीर्घकालीन आजारांची औषधे एका सरकारी योजनेतून २००३ पासून विनामूल्य मिळतात. योजना उत्तम आहे. पण गोळी फुकट आणि घास महाग अशी स्थिती आली की माणूस घास सोडतो आणि गोळी चालू ठेवतो. इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत हेच धोक्याचे ठरते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. वृद्धांमध्ये साखर उतरल्याची खूण नेहमी थरथर किंवा घाम हीच असते असे नाही. कधी नुसती गुंगी येते, कधी बोलणे असंबद्ध होते, आणि घरचे ते वयावर ढकलतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. साखर देऊन बरे वाटले तरी या गोळ्यांचा परिणाम अनेक तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्या रात्री सोबत असावी आणि डॉक्टरांना कळवावे. आजींना आम्ही त्याच रात्री दवाखान्यात नेले ते यासाठीच. गोळीचे प्रमाण त्यांनी कमी केले. आपल्या मनाने ते कोणी करू नये.

आता प्रश्न असा की, वर्षभर हिरव्यागार असणाऱ्या बेटावर अन्न इतके महाग का? मलाही तो पडला होता. कॅरिबियनमधील बहुतेक देश आपल्या अन्नापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतात. हे आजचे नाही. मळेवाल्यांनी चांगली जमीन उसाला दिली आणि गुलामांना खाऊ घालण्यासाठी उत्तर अटलांटिकमधून खारवलेला कॉड मासा आणला. तो आजही जमैकात आणि त्रिनिदादमध्ये घरोघरी शिजतो. १८४५ च्या ३० मे रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले; त्यांच्या जेवणातही डाळ-तांदूळ आले. पुढे गव्हाचे पीठ आले आणि जिभेला चिकटले. त्या हवेत गहू पिकत नाही. तिथले सर्वांत लाडके खाणे म्हणजे ‘डबल्स’: दोन मऊ तळलेले ‘बारा’ आणि मध्ये रसदार छोले, वर चिंचेची चटणी. त्यातले पीठ परदेशी गव्हाचे, छोले परदेशी, तेलही बहुधा परदेशी. बेटाची म्हणावी ती चटणी आणि मिरची. महासाथीत जहाजांचे भाडे वाढले, २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटून गहू, तेल आणि खते महागली, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरचे डबल्स महागले. कोंबडी स्थानिक असली तरी तिचे खाद्य जहाजानेच येते, म्हणून खोकाही महागला.

कॅरिबियन देशांच्या संघटनेने अन्नाची आयात २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांनी घटवण्याचा संकल्प केला होता. ती मुदत आता २०३० पर्यंत वाढवली आहे. त्यात वादळे. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळाने जमैकाच्या दक्षिण भागाला झोडपले. तिथला सेंट एलिझाबेथ परगणा म्हणजे त्या देशाचे धान्यकोठार. थेट मार लागला नाही तरी त्रिनिदादच्या मध्यभागातील सखल शेतांत पावसाळ्यात पाणी शिरते आणि पालेभाजी कडाडते. या साऱ्याचा इलाज आजींच्या सूनबाईंच्या हाती नव्हता. त्यांच्या हाती होते ते स्वयंपाकघर आणि रविवारची सकाळ.

आम्ही दोघी चगुआनासच्या बाजारात जाऊ लागलो. तिथे अनेक भाज्या वजनावर न विकता ढीग मांडून विकतात, आपल्याकडच्या ‘वाट्या’सारख्या, आणि बाजार उठायच्या वेळी भाव उतरतो. शेतमालाच्या विक्रीची व्यवस्था पाहणारी सरकारी संस्था ‘नॅमडेव्हको’ शेतकरी बाजारही भरवते. नाव ऐकून मला क्षणभर नामदेव महाराजच आठवले. ते आद्याक्षरांचे आहे हे नंतर समजले. त्या बाजारात माझे डोळे भरून आले, कारण निम्मे बाजारहाट कोकणातले होते. अळूची पाने आणि कंद, रताळी, कच्ची केळी (यांना तिथे ‘फिग’ म्हणतात, कारण विचारू नये), चवळीच्या हातभर लांब शेंगा, शेवगा, हिरव्या तुरीचे दाणे आणि नीरफणस. नीरफणसाची रोपे कॅप्टन ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून या बेटांवर आणली, गुलामांचे पोट स्वस्तात भरावे म्हणून. गरिबांचे खाणे हा शिक्का त्याच्यावर आणि कंदांवर बराच काळ राहिला. सूनबाईही आधी म्हणाल्या, “पाहुण्यांपुढे हे कसे ठेवायचे?” मी म्हटले, पाहुणी मीच आहे, माझ्यापुढे ठेवा.

एक सावधगिरी मात्र हवी. कंद, कच्ची केळी आणि नीरफणस हे भाताचे भाऊबंद आहेत. मधुमेह्याने ते भाताच्या जागी खावेत, भाताच्या जोडीला नव्हे. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यांतील पोटॅशियमचा विचार डॉक्टरांबरोबर करावा. वॉरफेरिन घेणाऱ्याने पालेभाजी एक दिवस भरमसाट आणि चार दिवस नाही असे करू नये, रोज सारखी ठेवावी. अळू चिंचेबरोबर पुरते शिजवावे, नाहीतर घसा खवखवतो.

प्रथिनांचा प्रश्न डाळीने बराच सुटला. वाळलेले छोले डबाबंद छोल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. रात्री भिजवले की एका वाटीचे अडीच-तीन वाट्या होतात. डबाबंदच वापरायचे तर चाळणीत ओतून पाण्याखाली धरावेत, मीठ उतरते. खारा मासा रात्रभर भिजवून, पाणी बदलून, उकळून घ्यावा. आजींचे पातळ वरण घट्ट केले आणि रोज एक अंडे ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ म्हणून वाढले. ‘आवडत नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून बंद झाले. सुट्टीच्या सकाळी डबल्सऐवजी घरचे छोले, तव्यावरची सादा रोटी आणि वांग्याचा ‘चोखा’ होऊ लागला. चोखा म्हणजे आपले भरीतच. लसूण वांग्यात खुपसून भाजतात एवढाच फरक.

विकतचे खाणे मी बंद करायला सांगितले नाही. थकलेल्या सुनेला महिन्यातून एका संध्याकाळी चूल न पेटवण्याचा हक्क असावा, असे माझे मत आहे; पथ्य सांगणाऱ्यांना हे सहसा सुचत नाही. फक्त खोक्याबरोबरचे गोड पेय सुटले. बार्बाडोसने अशा पेयांवर २०१५ मध्ये दहा टक्के कर बसवला आणि २०२२ मध्ये तो वीस टक्के केला. या घरात पेयाचे पैसे वाचले आणि त्यांची अंडी आली. दुसरी अट अशी की, तुकडे मोजून आधी आजींचे ताट वाढायचे, मग खोका मुलांपुढे ठेवायचा.

सूनबाईंनी फ्रिजवर एक वही टांगली. त्यात औषधाच्या वेळेसमोर आजींनी काय खाल्ले ते लिहायचे. न जेवल्यास गोळीआधी सुनेला किंवा डॉक्टरांना विचारायचे. आजींना हा पहारा मुळीच आवडला नाही. “मी काय शाळेत आहे?” असे त्या कुरकुरत. दोनदा त्यांनी स्वतःच वहीत ‘अंडे’ लिहिल्याचे आणि ते मांजराला घातल्याचे नातवाने पकडले. तिसऱ्या महिन्यात वजन दीड किलोने वाढले आणि साखर पुन्हा इतकी खाली गेली नाही, हे मात्र वहीतच लिहिलेले आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी अळूचे फदफदे केले. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ आणि चिंच घालून. आजींनी वाटी नाकाशी धरली. अळू ओळखले, पण त्यांच्या कॅललूत भेंडी आणि नारळाचे दूध असते, ते कुठे गेले, असे विचारले. मग चमचा चाखला, भुवया वर केल्या आणि वाटी पुढे केली. वहीत त्या रात्रीची नोंद त्यांच्याच हातची आहे: दोन रोट्या, भाजी दोन वाट्या, नारळ नाही.