पाणी निघाले का, एवढेच विचारू नका!

विद्यार्थी मित्रांनो, ‘समावेशन व संघनन बहुवारिकांतील फरक सांगा’ हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल. उत्तरही पाठ असेल : पहिल्या प्रकारात काही बाहेर पडत नाही, दुसऱ्यात पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडतो. या उत्तराला गुण मिळतात; पण तेवढ्यावर थांबू नये, असे आमचे मत आहे.

आधी फरक नीट पाहू. एथिलीनच्या रेणूत दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. जणू हाताची घडी घातलेला मुलगा! घडी सुटली की तो दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे हात धरतो आणि पॉलिथिनची साखळी बनते. कोणी काही गमावत नाही. नायलॉन-६६ मध्ये मात्र हात आधीच भरलेले असतात. ॲडिपिक आम्ल हायड्रॉक्सिल गट सोडते, डायअमाइन हायड्रोजन सोडते. त्यांचे पाणी होते आणि मोकळे हात ॲमाइड बंधाने जुळतात.

आता नायलॉन-६ घ्या. कॅप्रोलॅक्टमचे वलय उघडून त्याची साखळी होते. प्रत्येक दुव्यात मूळ रेणूचे सर्व अणू शाबूत असतात. पाणी वजा होत नाही. तरीही बंध नायलॉन-६६ सारखाच, ॲमाइडचा! मग याला कोणत्या रकान्यात बसवाल? ही वर्गवारी वॉलेस कॅरोदर्स यांनी १९२९ मध्ये मांडली. पुढे त्यांचेच एके काळचे सहकारी पॉल फ्लोरी यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात साखळी कशी वाढते, याला महत्त्व दिले.

म्हणून विचारावे : साखळी कशी वाढली आणि दुवे कोणत्या बंधाने जोडले गेले? या प्रश्नाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. पाण्याची बाटली ज्या पॉलिएस्टरची असते, त्यात एस्टर बंध असतात. उष्णता व उत्प्रेरक वापरून पाण्याने किंवा मिथेनॉलने ते तोडता येतात आणि पुन्हा साखळी बांधण्याजोगे घटक परत मिळतात. पॉलिथिनच्या पिशवीचा कणा केवळ कार्बन-कार्बन बंधांचा. तेथे पाण्याची मात्रा चालत नाही. खूप तापवले तर साखळी वाटेल तिथे तुटून नाना पदार्थांचे मिश्रण हाती येते. उकिरड्यावर शेजारी पडलेल्या या दोन वस्तूंचे भवितव्य असे बंधावर ठरते.

शिक्षकांनाही विनंती : तक्ता जरूर शिकवा, पण त्यात न बसणारे नायलॉन-६ ही वर्गात आणा. विद्यार्थी विचार करू लागतील ते तेथेच.