मेंढीची दगडी व औषधाचें अपयश

“सुई टोंचली, पैसे गेले आणि कास मात्र दगडासारखीच राहिली,” अशी तक्रार मेंढ्या बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंकडून आम्हांस वारंवार ऐकूं येते. औषधच नकली होतें, हा निर्वाळाही तिच्या शेवटीं ठरलेला असतो. नकली औषध कोठेंच नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आमच्या मतें या अपयशाचें मूळ बहुधा कुपींत नसून आपल्या वहिवाटींत असतें.

कासदाह, ज्यास आपण दगडी म्हणतों, हा जंतूंपासून होणारा रोग आहे. मेंढ्यांत त्याचे मुख्य कर्ते दोन: स्टॅफिलोकोकस ऑरियस व मॅनहायमिया हिमोलिटिका. पहिला सडाच्या कातडीवर व माणसाच्या हातांवर आढळतो. दुसरा कोकरांच्या तोंडांत व घशांत. कोकरांस मावा झाला कीं तो पितांना सडांवर उतरतो, कातडी फुटते आणि जंतूंस दार मोकळें होतें. जुळीं पाजणाऱ्या मेंढीस हा धोका अधिक. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सिद्ध केलेल्या सुवर्णासारख्या जुळीं देणाऱ्या मेंढ्या ज्यांनीं घेतल्या आहेत, त्यांनीं यास्तव विशेष जागरूक असावें.

आतां औषध कां हरतें तें पाहूं. पहिलें कारण उशीर. औषध रक्तावाटे कासेंत पोंचतें. सूज व पू वाढून रक्ताचा मार्ग रोधला, किंवा जंतूंभोंवतीं गळवाची जाड भिंत तयार झाली, म्हणजे औषध आंत पुरेसें जात नाहीं. कास निळी व थंड पडली तर तो भाग मेलाच. पुढील उपचार मेंढीचा जीव वांचविण्यापुरता, दुधासाठीं नव्हे.

दुसरें कारण जंतूचा कावा. ऑरियस हा आपणांस खावयास आलेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटांतच दडून बसतो आणि कित्येक औषधें तेथें नीट शिरत नाहींत. दोन दिवसांत सूज उतरते, धनी उपचार थांबवितो, आणि दडलेला शत्रु पुन्हा बाहेर पडतो.

तिसरें कारण चुकीचें औषध. पेनिसिलिन नष्ट करणारें द्रव्य कांहीं जंतूंत असतें, हें अब्राहम व चेन यांनीं १९४० सालींच प्रसिद्ध केलें होतें. मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूस तर भिंतच नसते; मग जंतूची भिंत मोडणारें पेनिसिलिन त्याचें काय करणार? शेजाऱ्याकडील उरलेली कुपी अंदाजानें टोंचणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय. अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधास निर्ढावतात, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांत दिला होता. असे निर्ढावलेले जंतु आपल्या घरांतही शिरूं शकतात, हें ध्यानांत ठेवावें.

उपाय खर्चाचे नाहींत. मेंढी व्याल्यापासून तिच्या कासेवर वरचेवर हात फिरवावा. ती मागच्या पायानें लंगडूं लागली, कोंकरूं पिऊं देईना, किंवा कोंकरूं खपाटीस गेलें, तर त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावी. पहिल्या सुईपूर्वीं सड स्वच्छ पुसून निर्जंतुक कुपींत दुधाचा नमुना घेववावा व प्रयोगशाळेकडे पाठवावा. पुण्यास औंध येथें अशी सोय आहे. उत्तर येईपर्यंत वैद्यानें नेमलेलें औषध चालूं ठेवावें व क्रम पुरा करावा. ठरलेली मुदत संपेपर्यंत दूध व मांस वापरूं नये.

येथें जमीनदार बंधूंचें एक कर्तव्य आम्हांस दिसतें. आपल्या शेतांत मेंढ्या बसविणारा धनगर चार दिवसांनीं पुढील गांवीं जातो. नमुन्याचें उत्तर येतें तेव्हां तो तेथें नसतो. ज्याच्या कळपाचें लेंडीखत आपण घेतों, त्याचा नमुना दवाखान्यांत पोंचविणें व निकाल दूरध्वनीनें कळविणें आपणांस अवघड नाहीं.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली असल्यानें शेवटची सूचना नोंदीची करतों. कळपांत मेंढा सोडण्यापूर्वीं प्रत्येक मेंढीच्या कासेचे दोन्ही भाग चांचपावे व कानांतील बिल्ल्याच्या क्रमांकापुढें वहींत शेरा लिहावा. ज्या कासेंत गांठी घट्ट झाल्या असतील ती मेंढी, कितीही देखणी असली तरी, पैदाशींतून काढावी. “एका सडावर भागेल” असें म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु अशा मेंढीचीं जुळीं उपाशी राहतात आणि तिचा रोग कळपांत टिकतो. ज्यांना हें पटेल त्यांनीं येत्या हंगामापूर्वींच वही घालावी.