उसनं ऊन

आमच्या गॅलरीतलं ऊन २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास गेलं. वीज जाते तसं एकदम नाही. समोरच्या इमारतीचा एकेक स्लॅब पडत गेला तसतसं ते आटत गेलं. पूर्वी सकाळी सातला यायचं आणि साडेदहापर्यंत मुक्काम ठोकायचं. समोर अकरावा मजला उभा राहिला आणि आता ते दोन इमारतींच्या फटीतून येतं, घाईच्या पाहुण्यासारखं पंधरा-वीस मिनिटं कठड्यावर टेकतं आणि चहासुद्धा न घेता निघून जातं.

तुम्ही म्हणाल, शहरात राहायचं म्हणजे हे चालायचंच. खरं आहे. पण आमच्या घरात त्या उन्हावर एक माणूस अवलंबून होता.

२०२१ मध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुदैवाने परत आलं, पण उजवा हात रुसलेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. ह्यांनी तो दोन दिवसांत सोफ्याखाली लोटून दिला. मात्र गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की पुदिन्याचे शेंडे खुडायचे, पिकली पानं काढायची, हे काम ते कुणी न सांगता करत. चिमूट जमायला चार महिने लागले. ज्या दिवशी ह्यांनी उजव्या हाताने तुळशीची मंजिरी खुडली, त्या दिवशी मी शिरा केला होता.

ऊन गेलं आणि त्या कुंड्या बघता बघता बिघडल्या. पुदिना लांबच लांब पांढुरका देठ काढून उजेड शोधायला लागला, पानओव्याची पानं पातळ झाली, तुळस तर नुसत्या काड्या. खुडायला काही राहिलं नाही म्हणून ह्यांनी गॅलरीत जाणं सोडलं आणि टीव्हीसमोर बसायला लागले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता काहीतरी केलं पाहिजे.

मंडळी, मी मराठीची शिक्षिका. बी.ए. मराठी, तेहतीस वर्षं व्याकरण आणि निबंध. वॅट आणि व्होल्ट यांचा माझा संबंध बिल भरण्यापुरता. त्यामुळे मी तेच केलं जे माझ्यासारखी कोणीही करील. मोबाईलवर जाहिरात बघितली आणि २८०० रुपयांचा जांभळा 'ग्रो लाइट' मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१००० वॅट' लिहिलेलं.

दिवा लावला आणि गॅलरी गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखी जांभळी झाली. खालून येणारे-जाणारे वर बघायला लागले. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना तो उजेड सहन होईना. आणि मुख्य म्हणजे त्या उजेडात पान पिवळं आहे की हिरवं हेच कळेना. पिकलं पान ओळखताच येत नसेल तर खुडणार काय, कपाळ?

आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने एक छोटा मीटर प्लगमध्ये घालून त्यावर तो दिवा लावून दाखवला. आकडा आला ६५ वॅट. मग हजार कुठून आले? तर म्हणे ते 'तुलनेने' हजार! म्हणजे वर्गातल्या हुशार मुलाच्या शेजारी बसतो म्हणून त्याचे मार्क माझ्या प्रगतिपुस्तकात लिहा, असं झालं. मी तो दिवा परत केला. पैसे मिळायला दीड महिना आणि अकरा फोन लागले, ते असो.

त्यानंतर मात्र मी शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला गाठलं. ती विज्ञान शिकवायची. तिच्याकडून चार संध्याकाळी जे शिकले ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या खिडक्यांसमोर आज ना उद्या कुणाचा तरी अकरावा मजला येणार आहे.

पहिली गोष्ट, झाड अन्न तयार करतं ते साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडावर, म्हणजे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत आपल्यालाही दिसतो त्याच उजेडावर. हरितद्रव्य त्यातला निळा आणि तांबडा जास्त शोषतं म्हणून जांभळे दिवे निघाले. पण हिरवा उजेड झाडाला चालतच नाही हा गैरसमज आहे. पान थोडा हिरवा परत पाठवतं म्हणून आपल्याला ते हिरवं दिसतं, पण बराचसा वापरूनही टाकतं. त्यामुळे साधा पांढरा एलईडी झाडाला चालतो. गंमत म्हणजे आपली पांढरी एलईडी आतून निळीच असते, वर पिवळसर लेप देऊन तिला पांढरी केलेली असते. तो निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी ट्यूब अगदीच ऐरीगैरी नाही!

दुसरी गोष्ट, लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, झाडासाठी नाही. झाडासाठीचं माप मायक्रोमोल. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल उजेड पडतो ते बघायचं. ते मोजायचं यंत्र महाग असतं. पण मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं. पांढऱ्या एलईडीखाली जो आकडा येईल त्याला ७० ने भागलं की ढोबळ मायक्रोमोल मिळतात. ढोबळच हं, पण आपल्याला काही प्रबंध लिहायचा नाही. भर उन्हात लाखभर लक्स असतात. आमच्या गॅलरीत आता दुपारी ९०० भरले. आपल्याला वाचायला ९०० लक्स म्हणजे चंगळ, पण पुदिन्यासाठी ती उपासमार. डोळा फार समजूतदार असतो, तो कमी उजेडात भागवून घेतो आणि आपल्याला वाटतं की झाडालाही पुरतंय.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि पैसे वाचतात ते इथेच. मी २० वॅटच्या चार फुटी दोन एलईडी पट्ट्या आणल्या, २८० रुपयांना एक. त्या शेजारी शेजारी लावून शेंड्यापासून एक वीत अंतरावर टांगल्या तर मोबाईलवर सहा-सात हजार लक्स आले, म्हणजे शंभरेक मायक्रोमोल. त्याच पट्ट्या दोन फूट वर नेल्या तर दीड-दोन हजारांवर घसरण. दिवा छताला लावून खाली झाडं ठेवणं म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलाला कुजबुजत शिकवणं. झाड वाढेल तशी पट्टी वर घेता यावी म्हणून मी साखळी लावली आहे, झोपाळ्याच्या दुकानातली.

चौथी गोष्ट वेळेची. उजेड कमी असेल तर तो जास्त तास द्यायचा. पालेभाजी, पुदिना, पानओवा अशा पानांसाठीच्या झाडांना १४ तास दिले तर चालतात. चोवीस तास मात्र नाही, झाडालाही रात्र लागते. खर्चाचं गणित सोपं आहे. ४० वॅट, १४ तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला साधारण १७ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी १७० रुपये.

आणि ट्यूबवरचा केल्व्हिनचा आकडा? ६५०० लिहिलेल्या ट्यूबमध्ये निळा जास्त असतो, त्याने झाड बुटकं आणि भरगच्च राहायला मदत होते. ४००० चीही चालते, डोळ्यांना ती सौम्य वाटते. आम्ही ह्यांच्या डोळ्यांसाठी ४००० ची घेतली.

आता कुणी विचारील, मग खऱ्या ग्रो लाइटला काहीच अर्थ नाही का? आहे. चांगला पांढरा ग्रो लाइट एका वॅटमध्ये अडीच मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त देतो, माझी पट्टी दीडच्या आतबाहेर. जागा दोन फूट बाय दोन फूट असेल आणि दिवा वर्षानुवर्षं जळणार असेल, तर तो घ्यावा. पण ज्याच्यावर खरे वॅट आणि मायक्रोमोल लिहिलेले नाहीत, नुसते 'तुलनेने'चे आकडे आहेत, तो स्वस्त असला तरी घेऊ नये. बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघावं. आणि आपल्या वयाच्या सगळ्यांना हात जोडून सांगते, पाणी आणि वीज एका ठिकाणी येतात तिथे घाई नको. वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ आला तर तो खालीच ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही.

हे सगळं सांगून झाल्यावरही माझं मत असं की दिवा ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. आधी घरात कुठे ऊन येतं ते दिवसभर हिंडून बघावं. मी एकेचाळीस वर्षं या घरात राहते आणि न्हाणीघराच्या खिडकीत दुपारी तीन ते पाच ऊन असतं हे मला आत्ता कळलं! तिथे गवती चहा सुखाने नांदतोय. तुळस आणि कढीपत्ता यांना पट्टीचा उजेड पुरत नाही हे महिन्याभरात दिसलं. तुळस हिरवी राहते पण वास येत नाही. म्हणून त्या दोन कुंड्या सोसायटीला अर्ज करून गच्चीवर नेल्या. टोमॅटो-मिरची ट्यूबखाली लावायच्या फंदात पडू नये, फळाला फार उजेड लागतो. आणि कमी उजेडातल्या झाडाला पाणीही कमी लागतं. माझी निम्मी रोपं अंधाराने नाही, माझ्या मायेच्या पाण्याने गेली.

माझी भाची कॅलगरीला असते. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा आणि बाहेर बर्फ. तिने एकच कढीपत्ता सहा वर्षं दिव्याखाली जगवलाय. तिचा दिवा महागातला आहे आणि तिथे तो योग्यच आहे, तिला दुसरा इलाजच नाही. पण आपल्याकडे वर्षातले आठ महिने लख्ख ऊन असताना दिव्यावर पुदिना लावायची वेळ यावी, याची मला लाज वाटते. राग येतो म्हणणार होते, पण लाजच खरी.

कारण राग काढायला मी वकील पुतण्याकडे गेले होते. तो म्हणाला, "काकू, १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो. पण घरात राहणं खरोखर गैरसोयीचं झालं असं दाखवावं लागेल. पुदिना वाळला म्हणून कोर्ट इमारत पाडायला सांगणार नाही." मग चहा घेता घेता सहज म्हणाला, "तुमची इमारत व्हायच्या आधी मागे काय होतं?"

मागे एक बैठं घर होतं. अंगणात पेरू होता. आमची चार मजली इमारत झाली त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्या पेरूला फळ धरेनासं झालं, असं त्या घरातल्या आजी मला एकदा म्हणाल्या होत्या. मी तेव्हा तिशीत होते, नव्या फ्लॅटचं कौतुक होतं. मी हसून विषय बदलला होता. आज त्या आजी नाहीत, घर नाही, पेरूही नाही. आता आमची इमारतही पुनर्विकासाला जाणार म्हणतात. मीटिंगमध्ये सगळे कार्पेट एरियावर बोलतात. मागच्या मीटिंगला मी उठून विचारलं की नव्या नकाशात मागच्या चाळीवर सावली किती पडेल? दोन मिनिटं शांतता, मग पुढचा विषय. पण मी पुढच्या मीटिंगलाही विचारणार आहे. तेहतीस वर्षं तोच प्रश्न परत परत विचारायची सवय आहे मला.

पुदिना तीन आठवड्यांत सावरला. पानओवा तर जोरात आहे, परवा त्याची भजी झाली. टायमर घ्या, चारेकशे रुपयांना मिळतो, दिवा आपोआप लागतो आणि विझतो, असं मी सगळ्यांना सांगते. आमचा टायमर मात्र खोक्यातच आहे. सकाळी सातला हे गॅलरीत जातात, उजवा हात हळूहळू वर नेतात आणि बटण दाबतात. रात्री नऊला पुन्हा. मध्ये कधी मी चुकून दाबलं तर रागावतात.

"ऊन माझं मी लावीन," म्हणतात.