विषाणूचं गणित विष्णुपुरीत मांडा

एचआयव्हीची लागण झालेला माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. त्या काळात विषाणू शरीरात जवळजवळ निपचित पडून असतो, अशी १९९५ पर्यंत अनेकांची समजूत होती. ती मोडून काढण्यात समीकरणांचा मोठा वाटा होता.

न्यूयॉर्कमध्ये संशोधक डेव्हिड हो यांनी एचआयव्हीच्या २० रुग्णांना नवं औषध दिलं आणि रक्तातला विषाणू पुन्हा पुन्हा मोजला. त्या आकड्यांचं गणित अॅलन पेरेलसन यांनी मांडलं. ते धरणासारखं समजा. पावसाळ्यात नांदेडच्या विष्णुपुरी धरणाची पातळी स्थिर दिसली, तरी येवा आणि विसर्ग दोन्ही जोरात सुरू असतात. येवा अचानक थांबला, तर पातळी किती वेगाने उतरते यावरून विसर्ग कळतो. औषधाने विषाणूचा येवाच रोखला होता. १९९६ पर्यंत हिशेब पक्का झाला: रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू जन्मतात आणि जवळपास तितकेच नष्ट होतात. लागण झालेली पेशी जेमतेम दोन दिवस जगते.

पुढचा निष्कर्ष त्याहून मोलाचा. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू चुका करतो. रोज इतक्या नकला म्हटल्यावर एका औषधाला दाद न देणारा विषाणू निपजणारच. पण तीन औषधांना चकवणारे बदल एकाच विषाणूत एकाच वेळी जुळून येणं फार दुर्मीळ. तीन औषधं एकत्र देण्यामागे हाच हिशेब आहे. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत हे उपचार मोफत मिळू लागले. आज एआरटी सेंटरवर मिळणाऱ्या एकाच गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं असतात.

कोरोनाकाळात मात्र गणिती मॉडेलवरचा लोकांचा विश्वास उडाला. फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ ओसरेल, असा अंदाज सरकारी तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला होता; त्या एप्रिलमध्ये काय झालं, ते घराघराला ठाऊक आहे. पण ते मॉडेल समाजात साथ कशी पसरते याचं होतं. लोक कसे वागतील, नवा प्रकार कधी येईल, हे कुणाच्या हाती नसतं. एका शरीरातली झुंज मोजता येते. फक्त ती एकाच रुग्णात, लागोपाठ मोजावी लागते.

मराठवाड्यात अशा मोजणीची सुरुवात डेंग्यूपासून व्हावी. पहिले चार-पाच दिवस ताप, डेंग्यूची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह. मग ताप उतरतो, घरचे सुटकेचा सुस्कारा टाकतात आणि नेमक्या त्याच वेळी काहींच्या प्लेटलेट कोसळतात, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रुग्ण शॉकमध्ये जातो. विषाणू तर तोवर घटू लागलेला असतो; घात करते ती बऱ्याच अंशी शरीराची स्वतःचीच प्रतिक्रिया. दुसऱ्यांदा, वेगळ्या प्रकारच्या डेंग्यूची लागण झाली तर हा धोका वाढतो. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहरातल्या रुग्णांच्या लागोपाठच्या मोजणीवर २०१४ मध्ये शरीरातल्या या झुंजीचं मॉडेल उभं राहिलं.

नांदेडला काय कमी आहे? डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था, तिन्ही विष्णुपुरीत. एकीकडे रुग्ण, दुसरीकडे गणित, तिसरीकडे संगणक. पेरेलसन यांच्या मूळ मॉडेलमध्ये तीनच समीकरणं आहेत: निरोगी पेशी, लागण झालेल्या पेशी आणि मोकळे विषाणू. एमएस्सीचा विद्यार्थी ती सहज सोडवेल. पेरेलसन यांच्याबरोबर काम केलेले नरेंद्र दीक्षित बंगळुरूच्या आयआयएस्सीत हेच संशोधन करतात, त्यामुळे मार्गदर्शनासाठी परदेशाकडे बघण्याचीही गरज नाही.

तेव्हा विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालयाने येत्या पावसाळ्याआधी करार करावा. दाखल असलेल्या डेंग्यूच्या रुग्णाचं रक्त प्लेटलेट मोजण्यासाठी वारंवार काढलं जातंच. रुग्णाची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन त्यातलाच थोडा नमुना राखावा, विषाणूचं प्रमाण मोजावं आणि नावं वगळून आकडे गणित विभागाकडे द्यावेत. पहिल्या वर्षी तीस-चाळीस रुग्णांच्या चोख नोंदी झाल्या, तरी सुरुवातीला तेवढ्या पुरतील.